धर्मशिक्षकाची परीक्षा

परीक्षा ही विद्यार्थ्याने द्यावयाची आणि शिक्षकाने घ्यावयाची वस्तू आहे, असा आमचा अनेक वर्षांचा समज होता. गतवर्षी पावसाळा नुकताच ओसरला असता, एका रविवारी सकाळी तो समज कायमचा नाहीसा झाला. परीक्षक नववीत शिकणारा एक मुलगा होता, परीक्षार्थी आम्ही होतो, प्रश्न एकच होता, आणि त्या एका प्रश्नात आम्ही साफ नापास झालो. आपल्या नापासीची हकीकत चारचौघांत सांगण्याची हौस कोणास नसते, आम्हांसही नाही. परंतु त्या प्रश्नाने आम्हांस जे शिकविले ते आमच्यापुरतेच ठेवणे हेही बरे नव्हे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

वसईच्या उत्तरपट्ट्यात, भुईगाव आणि निर्मळ यांच्या शेजारी वसलेले गिरीज हे आमचे गाव. पूर्वी आम्ही ठाणे जिल्ह्याचे रहिवासी होतो; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे झालो. केळी, नागवेली आणि मोगरा यांच्या वाड्या अजून पुष्कळ शिल्लक आहेत, जरी त्यांच्या कुंपणापलीकडून इमारती डोकावू लागल्या आहेत. गावच्या हिराडोंगरीवर दत्ताचे मंदिर आहे आणि खाली वाड्यावाड्यांतून क्रूस उभे आहेत. दत्तजयंतीची आरती आणि मे महिन्यात क्रुसासमोर म्हटली जाणारी जपमाळेची प्रार्थना ही दोन्ही ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. या भागातील आम्ही पुष्कळसे ख्रिस्ती लोक सामवेदी ब्राह्मणांचे वंशज. आम्हांस कुपारी म्हणतात. आडनावे पोर्तुगीज, घरातील बोली सामवेदी, शाळेतील भाषा कालपर्यंत मराठी व आज बहुतेक इंग्रजी, आणि वृद्ध स्त्रियांच्या अंगावर अजूनही लाल लुगडे. अशा मिश्र वारशाची मुले रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आमच्यासमोर येऊन बसतात. आम्ही त्यांस धर्म शिकवितो; म्हणजे शिकवितो असे आम्हांस वाटत असते.

आमच्या वाट्यास आठवी ते दहावीचा वर्ग आहे. हे वय धर्मशिक्षणास सर्वांत गैरसोयीचे, हे कोणीही मान्य करील. लहान मुले गोष्टींवर भुलतात, मोठी माणसे सवयीने येतात. ही मधली मंडळी ना गोष्टीवर भुलत, ना सवयीस बांधील. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने डोळे जड झालेले असतात, आणि वर्ग सुटताच शिकवणीस धावावयाचे असते. तथापि याच वयात त्यांस दृढीकरण संस्कारासाठी तयार करावयाचे असते. ज्या वाचकांस आमच्या आचारांचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आमच्यात बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. देवावर तुझा विश्वास आहे काय, असे विचारले असता त्या वेळी बाळाच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता उत्तर देतात. दृढीकरणात तेच उत्तर मुलाने उभे राहून स्वतःच्या तोंडाने द्यावयाचे असते, आणि मग बिशप त्याच्या कपाळी पवित्र तेल लावून त्यास पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा देतात. मुंजीने जसा बटू स्वतःच्या संध्येचा धनी होतो, तसा या संस्काराने मुलगा आपल्या श्रद्धेचा धनी व्हावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात पुष्कळदा असे होते की, संस्कारापूर्वी महिनाभर मुलगा नियमाने येतो, संस्कारादिवशी नवे कपडे घालून छायाचित्रे काढून घेतो, आणि त्यानंतर नाताळ व ईस्टर यांखेरीज चर्चकडे फिरकत नाही. वसईतच नव्हे, तर जगभरचे धर्मशिक्षक हीच तक्रार करीत असतात.

तर त्या रविवारी आम्ही संत फ्रान्सिस झेवियरची गोष्ट सांगत होतो. १५४२ साली तो गोव्यास उतरला आणि हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने ती वाजवीत फिरू लागला. घंटेच्या नादाने मुले गोळा झाली की त्यांस तो चर्चमध्ये नेऊन प्रार्थना शिकवी. ही गोष्ट आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ती साधते. या खेपेस मात्र मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

"सर, एक विचारू? शाळेत एक जण म्हणाला, तुमच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी जबरदस्तीनं बाटवलं. मग हा धर्म आपला कसा?"

वर्गातील कुजबूज थांबली. आम्ही उत्तर जुळवीत आहोत तोच तो पुढे म्हणाला, "आणि सर, बाप्तिस्म्याच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं, ते ठीक, तेव्हा मला बोलता येत नव्हतं. पण आता दृढीकरणात 'हो' म्हणायचं, ते तरी कोण विचारतंय? बाबांनी हॉल ठरवूनसुद्धा टाकला."

काही मुले हसली. त्या हसण्याने आमचा तोल गेला. असले प्रश्न अभ्यासक्रमात नाहीत, असे म्हणून आम्ही त्यास खाली बसविले आणि झेवियरची घंटा पुन्हा वाजवू लागलो. पुढच्या रविवारी त्याची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही.

आपण रागावलो नव्हतो, घाबरलो होतो, हे आमच्या ध्यानात यावयास दोन आठवडे लागले. घाबरण्याचे कारण उघड होते: तो प्रश्न आम्ही स्वतःस कधी विचारलाच नव्हता. आमच्या लहानपणी धर्मशिक्षण म्हणजे प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका असे. प्रश्न पुस्तकातले, उत्तरही पुस्तकातले. आमचे काम मधल्या मध्ये पाठ करण्याचे. त्या पद्धतीची थट्टा करण्याचा आमचा विचार नाही. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी जगातील प्रत्येक धर्मग्रामाच्या पुरोहितास असा दंडक घालून दिला की, वर्षातील प्रत्येक रविवारी आणि सणाच्या दिवशी, अपवाद न करता, तासभर मुलांस धर्माची मूलतत्त्वे शिकविलीच पाहिजेत. त्या दंडकामुळे खेड्यापाड्यांतल्या निरक्षर घरांतही विश्वासाची सूत्रे पोचली. आमच्या आजीस अखेरच्या आजारात मुलानातवंडांची नावे आठवेनाशी झाली होती. परंतु शेजारी बसून कोणी प्रार्थना सुरू केली की तिचे ओठ न चुकता पुढचे शब्द म्हणत. पाठांतराची ही पुण्याई आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु पुस्तकातील प्रश्नाचे उत्तर पाठ असले म्हणजे भागते. मुलाने स्वतःच्या मनातून काढलेल्या प्रश्नास पाठ केलेले उत्तर चालत नाही. तेथे शिक्षकास स्वतःच्या मनात उतरावे लागते, आणि आम्ही तो जिना कित्येक वर्षांत उतरलो नव्हतो.

याच सुमारास फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चा आरंभ आम्ही पुन्हा एकदा काढून वाचला, आणि शरमेने मान खाली घातली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण राचोल येथे छापविले. एवढे बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्या ग्रंथाचा उगम स्वतः ग्रंथकाराने कोठे दाखविला आहे? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात! मुलांस ख्रिस्ती सिद्धांत शिकविणे चालू असता, नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रीला विचारतो की, ही शिकवण चांगली खरी, परंतु आमची जुनी पुराणे तर तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास दुसरे काही का देत नाही? तो प्रश्नही गैरसोयीचाच होता, आणि त्यातही एक तक्रार दडलेली होती. तरी पाद्रीने त्यास खाली बसविले नाही. त्याने ती मागणी रास्त मानली, आणि तिच्या पूर्ततेसाठी अकरा हजार ओव्या लिहिल्या. आम्हांस अकरा हजार ओव्या लिहावयाच्या नव्हत्या. नववीतल्या एका मुलाशी दहा मिनिटे प्रामाणिकपणे बोलावयाचे होते, आणि तेही आमच्या हातून झाले नाही.

तेव्हा आम्ही अभ्यासास बसलो. उतारवयात विद्यार्थी होण्यात जी एक गंमत असते ती या निमित्ताने पुन्हा अनुभवास आली. परंतु अभ्यासाचा विषय गमतीचा नव्हता. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांस दिली, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षे येथे पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळात प्रेमाने उपदेश करणारे मिशनरी होते, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे होते, हे खरे. पण देवळे मोडली गेली, हेही तितकेच खरे. बापाविना राहिलेल्या हिंदू मुलांस ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे कायदे झाले. ख्रिस्ती होणारास सवलती व न होणारास अडचणी, असा राज्यकर्त्यांचा व्यवहार होता. आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. यांतील काहीही झालेच नाही असे मुलास सांगणे म्हणजे ज्याने स्वतःस सत्य म्हटले त्याच्या नावाने असत्य शिकविणे होय. आमच्या पूर्वजांपैकी कोण मनाने ख्रिस्ती झाला, कोण लोभाने आणि कोण भयाने, याचा हिशेब आज कोणीही देऊ शकत नाही. एकाच माणसाच्या मनात ही तिन्ही कारणे एकत्र नांदली नसतील कशावरून?

परंतु गोष्ट १७३९ साली संपत नाही, किंबहुना आमच्या मते तेथेच ती सुरू होते. वसई पडली, पोर्तुगीज फौज जहाजांत बसून निघून गेली, तिच्यासोबत बहुतेक पाद्रीही गेले. किल्ल्यातील भव्य चर्चे ओस पडली, आणि त्यांच्या छपरांवर वडापिंपळांनी मुळे रोवली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. एक भीमाशंकरास आणि एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अद्यापि पाहावयास मिळते. म्हणजे झेवियरपासून ज्या घंटेने मुलांस गोळा करावयाचे, ती घंटाच उरली नाही. सक्ती करणारे हात गेले, सवलती देणारे हातही गेले. काही कुटुंबे परत हिंदुधर्मात गेली, आणि त्यांस दोष देण्याचे कारण नाही. बाकीची मात्र राहिली. मूठभर देशी पाद्र्यांच्या आधाराने, नव्या राज्यकर्त्यांच्या धर्माहून निराळा धर्म धरून, बाप्तिस्मे, विवाह आणि प्रेतसंस्कार त्यांनी चालू ठेवले. राज्याकडून मिळावयाचा लाभ आता उलट्या बाजूस होता. असे असता ती का राहिली? या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत आम्हांस सापडले नाही. परंतु पोर्तुगीज तलवार हे ते उत्तर असू शकत नाही, एवढे निश्चित. दोनशे पाच वर्षे आम्ही पोर्तुगीज राज्यात ख्रिस्ती होतो, आणि त्या राज्यावाचून ख्रिस्ती राहिल्यास आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत.

आणखी एक गोष्ट आम्ही टिपून ठेवली. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. कोणाही मनुष्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध श्रद्धा लादता येत नाही, श्रद्धा ही स्वभावतःच स्वेच्छेची कृती आहे, आणि ख्रिस्ती लोकांच्या इतिहासात याच्या विपरीत वर्तन अधूनमधून घडले आहे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ख्रिस्तसभेने स्वतःच मान्य केला होता. आम्ही मात्र तो ऐकून घेण्यासही तयार नव्हतो.

एवढी शिदोरी बांधून एके सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. ओट्यावर त्याची आजी लाल लुगड्यात बसून नागवेलीची पाने निवडत होती आणि जुड्या बांधून ओल्या फडक्याखाली ठेवीत होती. मुलगा वाडीत पाण्याचे दारे मोडीत होता. आम्हांस पाहताच त्याने चिखलाचे हात मागे लपविले.

"सर, तुम्ही रागावलात ना?" त्याने विचारले.

रागावलो नाही, घाबरलो, असे आम्ही त्यास सांगितले, आणि त्या दिवशी खाली बसविल्याबद्दल क्षमा मागितली. मोठ्या माणसाने क्षमा मागितली म्हणजे मुले संकोचतात, तोही संकोचला. मग बांधावर बसून आम्ही त्यास १५३४ पासून १९६५ पर्यंत सर्व सांगितले. देवळे मोडल्याचे सांगितले, कायद्यांचे सांगितले, घंटांचे सांगितले. तो लक्षपूर्वक ऐकत होता. आमचे संपल्यावर त्याने एकच विचारले:

"म्हणजे जे राहिले ते आपल्या मनानं राहिले, असं ना? पण का राहिले ते तुम्हांला माहीत नाही."

नाही, असे आम्ही कबूल केले. आमच्या सनावळ्यांचा तो भव्य इमला या एका वाक्याने जागच्या जागी थांबला. पुढे काय बोलावे हे सुचेना, म्हणून आम्ही म्हटले, घरात आजी आहे, तिला विचार, ती का राहिली.

हे आम्ही केवळ वेळ मारून नेण्यासाठी बोललो होतो, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. परंतु मुलाने ते शब्दशः घेतले. हात धुऊन तो ओट्यावर गेला आणि त्याने आजीस सामवेदीत विचारले. म्हातारी प्रथम हसली. असले विचारणे तिने जन्मात ऐकले नसावे. मग हातातील जुडी खाली ठेवून ती जे बोलली ते आम्ही साध्या मराठीत देतो.

"तुझा आजोबा गेला ना, त्यानंतर तीन महिने मी चर्चला गेले नाही. मिस्सेला नाही, जपमाळेला नाही. फादर आले, शेजारणी आल्या, सगळ्यांनी सांगून पाहिलं. मी कुणाचं ऐकलं नाही. देवाचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं होतं मी. मला कुणी ओढून नेलं नाही, आणि नेलं असतं तर मी गेले नसते. मग एका सकाळी मीच उठले आणि गेले."

"का गेलीस?"

"भांडायला गेले. घरात बसून कुणाशी भांडणार? त्याच्याशी भांडायचं तर त्याच्या घरी जायला नको?" एवढे बोलून तिने जुडी पुन्हा हाती घेतली. "भांडले. रोज भांडले. मग कधीतरी भांडण संपलं. पण तोवर जायची सवय लागली होती."

ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. चहा घेऊन आलेली मुलाची आई दारातच थबकली होती. ही हकीकत तिनेही प्रथमच ऐकली असावी. आम्ही पंधरवडाभर ग्रंथ चाळून जे सिद्ध करू पाहत होतो, ते या बाईने आपल्या तीन महिन्यांच्या अबोल्याने सिद्ध केले होते. तिची श्रद्धा तिला वारशाने मिळाली होती, यात शंका नाही. परंतु त्या सकाळी तिने ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन पुन्हा घेतली. १७३९ नंतर राहिलेल्यांची कारणे आम्हांस ठाऊक नाहीत. ती बहुधा अशीच, घराघरांतली आणि कोठेही न लिहिलेली असावीत.

येथे गोष्ट संपती तर आमच्या कीर्तीस बरे झाले असते. परंतु मुलगा आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, मी यंदा दृढीकरण घेत नाही. यंदा थांबतो. आजी स्वतः गेली. मला अजून जावंसं वाटलेलं नाही. वाटेल तेव्हा सांगेन."

नेमके याच वेळी त्याचे वडील कामावरून आले. नातलगांस निमंत्रणे तोंडी देऊन झाली होती, हॉलची अनामत भरली होती, आणि वर्गातील साऱ्या मुलांची नावे यादीत असता आपल्याच मुलाचे नसावे, हा विचार त्यांस असह्य झाला. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. गावात मान ही पोटाइतकीच खरी वस्तू आहे. "सर, तुम्ही त्याला समजवायला आलात की बिघडवायला?" असे त्यांनी विचारले. आम्ही शांतपणे सांगितले की, १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या ८८९ व्या कलमाप्रमाणे जाणत्या मुलास हा संस्कार द्यावयाचा तर तीन गोष्टी हव्यात: त्यास योग्य शिक्षण मिळालेले असावे, त्याच्या मनाची तयारी असावी, आणि बाप्तिस्म्याची वचने त्यास स्वतः पुन्हा देता यावीत. पहिली गोष्ट आमच्याकडून थोडीबहुत झाली असेल. दुसरी नाही असे मुलगा स्वतःच सांगत आहे. मग तिसरी त्याच्याकडून वदवून घ्यावी काय? वदवून घेतलेले 'हो' आणि ज्या सक्तीबद्दल तो विचारीत होता ती सक्ती, यांत अंतर कितीसे उरते? वडिलांनी उत्तर दिले नाही. ते आत निघून गेले आणि पुढे कित्येक महिने चर्चच्या दारात आमची गाठ पडली तरी त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. मित्रत्वाचा संबंध असा तुटला याचे दुःख आम्हांस झाले, आणि आपण चुकलो तर नाही, या शंकेने त्या काळात काही रात्री झोपही लागली नाही. थांबलेला मुलगा पुन्हा आलाच नाही तर? त्याचा जबाबदार कोण?

या शंकेवर तोडगा एकच होता: निदान इतरांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करावयाची नाही. आता आमच्या वर्गात पहिली पंधरा मिनिटे प्रश्नांची असतात. ज्यास सर्वांसमक्ष विचारण्याचा संकोच वाटतो त्याने चिठ्ठी टाकावी, म्हणून एक रिकामा डबा ठेवला आहे. त्या डब्यातून काय निघेल याचा नेम नसतो. 'माझी हिंदू मैत्रीण स्वर्गात जाणार नाही का?' अशी एक चिठ्ठी निघाली. स्वतःचा दोष नसता ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे सरळ मनाने देवाचा शोध घेतात, त्यांस तारण मिळू शकते, असे १९६४ सालीच परिषदेने सांगून ठेवले आहे. ते वाचून दाखविले तेव्हा त्या चिठ्ठीची मालकीण कोण हे तिच्या चेहऱ्यावरूनच सर्वांस कळले. 'मिस्सा कंटाळवाणी का वाटते?' ही चिठ्ठी तर निरनिराळ्या हस्ताक्षरांत चार वेळा आली. आणि 'एवढी प्रार्थना केली तरी आई का गेली?' या चिठ्ठीवर आम्ही काहीच बोललो नाही. सर्वांस उभे राहून दोन मिनिटे स्तब्ध राहावयास सांगितले, आणि वर्ग सुटल्यावर ती लिहिणाऱ्या मुलासोबत त्याच्या घरापर्यंत चालत गेलो.

गोष्टीही आता आम्ही निराळ्या रीतीने सांगतो. कार्लो अकुटिस हा इटालियन मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदास चढला. तो जीन्स घालीत असे आणि संगणकावर काम करी, एवढ्यावर आमची मुले त्याच्यावर खूष आहेत. परंतु आम्हांस त्याहून जवळचा एक आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयातच जेझुइटांबरोबर जपानला गेला, आणि तेथे त्याने काम कोणते केले? धर्मशिक्षकाचे! आठएक वर्षे त्याने जपानी भाषेत लोकांस धर्म शिकविला. जेझुइटांनी त्यास आपल्या संघात घेतले नाही, तेव्हा तो व्यापारी झाला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला, आणि गास येथील चर्च व वसईतील महाविद्यालय त्याच्या नावाने आहे. त्या सव्विसांत बारा-तेरा वर्षांचे मुलगेही होते. हे ऐकून आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बारा वर्षांच्या मुलाला कुणी थांबवलं कसं नाही?" पूर्वी आम्ही या प्रश्नावरून हुतात्म्यांच्या धैर्याकडे घाईने वळलो असतो. आता सांगितले की, अधिकाऱ्याने त्यास थांबविण्याचा प्रयत्न केला होता, धर्म सोडल्यास जीवदान देऊ केले होते, अशी परंपरा आहे. आणि त्याने काय करावयास हवे होते, याचा विचार आठवडाभर करून या. पुढच्या रविवारी वर्गात दोन तट पडले आणि शिकवणीस धावणारी मुलेही अर्धा तास जास्त बसली.

भाषेचा प्रश्नही डब्यातूनच वर आला. इंग्रजीत प्रार्थना म्हणणाऱ्या एका मुलाने लिहिले होते की, आजीच्या प्रार्थना मला समजत नाहीत. तेव्हापासून आम्ही शुभवर्तमानाचा उतारा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मधून मोठ्याने वाचवून घेतो. दिब्रिटो आमच्या या वसईचेच. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा, ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर कसा, अशी हाकाटी काहींनी केली होती. 'हा आपला कसा?' हाच प्रश्न, फक्त दुसऱ्या अंगणातून विचारलेला! दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्यांचे मराठी आमच्या मुलांच्या ओठांवर आहे, आणि आमच्या मते त्या हाकाटीस तेच उत्तर पुरेसे आहे.

आता त्या मुलाविषयी. दृढीकरणाच्या दिवशी चर्च भरून गेले होते. नव्या कपड्यांतल्या मुलामुलींची रांग लागली होती. तो रांगेत नव्हता. आवारात खुर्च्या मांडणाऱ्या मुलांत होता. समारंभ संपल्यावर खुर्च्या आवरूनही तोच गेला. पुढच्या रविवारी तो वर्गात आला आणि काही घडलेच नसल्यासारखा आपल्या जुन्या जागी, मागच्या बाकावर बसला. तो का आला हे आम्ही विचारले नाही. भांडायला आला असेल तर तेही चालेल, असे आम्ही मनाशी म्हटले. त्याच्या वडिलांनी नाताळात आमच्या नमस्कारास मान हलवून उत्तर दिले होते. ईस्टरला ते दोन शब्द बोलले.

यंदाच्या यादीत त्याचे नाव अजून नाही. ते येईल की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, आणि त्याविषयी त्यास न विचारण्याचा निश्चय आम्ही मोठ्या कष्टाने पाळीत आहो. गेल्या रविवारी त्याचा हात पुन्हा वर झाला. प्रश्न असा होता की, देवाला सर्व आधीच ठाऊक असते तर आजीच्या भांडणाने त्याच्यात काय फरक पडला? उत्तर आम्हांस आले नाही. पुढच्या रविवारी सांगतो, असे आम्ही म्हणालो. आज शनिवार आहे; तेव्हा वाचकांची रजा घेऊन आम्हांस आता अभ्यासास बसले पाहिजे.